उघडायला किती सेकंद?

गेल्या मे महिन्यात आईचा फोन फुगला. आतली बॅटरी फुगली आणि मागचं झाकण एका कडेनं तळलेल्या पापडासारखं वर आलं. फोन जेमतेम तीन वर्षांचा. कॅमेरा उत्तम, आवाज खणखणीत, कुठलं बटण कुठं आहे ते आईला डोळे मिटून पाठ. कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो (कंपनीचं नाव राहू द्या, या बाबतीत सगळ्या एकाच माळेचे मणी आहेत), तर तिथल्या मुलीनं एक छापील कागद पुढे सरकवला. बॅटरी काढताना डिस्प्ले फुटला तर खर्च ग्राहकाचा, असं त्यावर होतं. डिस्प्लेची किंमत विचारली. ती ऐकून आईच म्हणाली, "राहू दे रे, नवाच घेऊ."

नवा घेतला नाही. नाशिकच्या एम.जी. रोडवर, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रधान पार्कमध्ये गेलो. दोन हात रुंदीचं काउंटर, त्यामागे पंचविशीतला मुलगा, डोळ्याला भिंग. फोन उलटासुलटा करून म्हणाला, "काका, बॅटरी बदलणं काहीच नाही. भानगड गमची आहे." मग त्यानं फोन हलका गरम करून घेतला, कडेच्या फटीत पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवली, थिनरचे दोन थेंब सोडले, पुन्हा पट्टी फिरवली. फुगलेल्या बॅटरीला टोक लागलं तर आग लागते, म्हणून श्वास रोखून काम चाललेलं. सगळं मिळून पन्नास मिनिटं लागली. त्यात जुनीचा कनेक्टर काढून नवीचा बसवायला किती? घड्याळात पाहिलं, एक मिनिटसुद्धा नाही. उरलेला सगळा वेळ कंपनीनं लावलेल्या गमाशी झटापट करण्यात गेला.

घड्याळात पाहायची खोड जुनी आहे. अंबडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं स्विचगिअरच्या, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या उपकरणांच्या, खोक्यांचं आणि साच्यांचं डिझाइन केलं. आमच्या धंद्यात सेकंदाला किंमत असते. एक स्क्रू बसवायला किती सेकंद, त्याऐवजी खटकन बसणारी खाच दिली तर किती वाचतात, याचे तक्ते भिंतीवर लावलेले असत. जोडणीचा प्रत्येक सेकंद आम्ही मोजला. पण ही वस्तू उघडायला किती सेकंद लागतील, हा प्रश्न तीस वर्षांत एकाही बैठकीत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारला नाही. पर्यावरणपूरक मोबाइल कसा असावा यावर आज जे बोललं जातं, ते वाचताना माझं मन त्या तक्त्यांकडेच जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की फोन हिरवा आहे की नाही हे तो कशाचा बनलाय यापेक्षा तो किती सहज उघडतो यावर ठरतं, आणि उघडण्याचे सेकंद मोजायला कायद्यानं भाग पाडल्याशिवाय कुठलीही कंपनी ते मोजणार नाही.

आधी थोडा हिशेब. आजच्या फोनच्या भरलेल्या बॅटरीत साधारण 19-20 वॉट-तास ऊर्जा मावते. चार्जरमधली गळती धरून 25 म्हणा. रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला नऊ-साडेनऊ युनिट होतात. महावितरणच्या बिलात ती शोधूनही सापडणार नाहीत. फोनच्या आयुष्यभराच्या कर्ब उत्सर्जनाचा साधारण चार पंचमांश भाग तो बनतानाच होऊन गेलेला असतो. कंपन्यांचे स्वतःचे अहवालही थोड्याफार फरकानं हेच सांगतात. खाणी, धातूंचं शुद्धीकरण, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे चिप बनवायला लागणारी वीज, अतिशुद्ध पाणी आणि वायू. फोन तुमच्या हाती येतो तेव्हा त्यानं करायचं ते पाप बहुतेक करून झालेलं असतं. मग तो तीन वर्षं वापरायचा की सहा, एवढंच आपल्या हाती उरतं. सहा वापरला तर ते पाप वर्षाला निम्मं पडतं. बाकी कुठल्याही युक्तीनं एवढा फरक पडत नाही.

म्हणूनच 'हिरवा फोन' म्हणून बाजारात आलेल्या जुन्या प्रयोगांचं मला हसू येतं. 2009 साली मोटोरोलानं पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकपासून कवच केलेला 'रिन्यू' आणला. त्याच वर्षी सॅमसंगचा 'ब्लू अर्थ' आला, पाठीवर सौर पट्टी लावलेला. भारतात तर 'सोलर गुरू' आला होता. तासभर उन्हात ठेवला की काही मिनिटं बोलता येईल, अशी सोय. कल्पना करा, निफाडचा शेतकरी एप्रिलच्या उन्हात फोन बांधावर वाळत घालून बसलाय. लिथियम बॅटरीला उष्णतेइतका मोठा शत्रू नाही, आणि तिला भरण्यासाठी तिलाच तव्यावर ठेवायचं! कवचाचं प्लास्टिक जुनं वापरलं हे चांगलंच, पण फोनच्या एकूण भारात त्या कवचाचा वाटा किरकोळ. आजही नव्या फोनच्या जाहिरातीत 'इतके टक्के पुनर्वापर केलेलं अॅल्युमिनियम' असं अभिमानानं लिहितात. आत काय चिकटवून ठेवलंय ते लिहीत नाहीत.

जुन्या नाशकात तांबट लेन आहे, भांडी बाजार आहे. तिथल्या व्यवहारात एक शब्द होता, मोड. तांब्याचा बंब फुटला, पितळी पातेल्याला भोक पडलं, की ते वजन करून मोडीत द्यायचं आणि फरकाचे पैसे भरून नवं घ्यायचं. भांडं घेतानाच घरातली बाई विचारायची, मोड किती येईल? म्हणजे वस्तूच्या शेवटाचा विचार तिच्या पहिल्या दिवशीच व्हायचा. आणि मधल्या काळात कल्हई होतीच. पितळी भांड्याचा आतला थर झिजणार हे गृहीत धरून तो पुन्हा चढवायची सोय ठेवलेली. झिजणारा भाग वेगळा आणि टिकणारा वेगळा, हे डिझाइनचं तत्त्व आमच्या कारखान्यातल्या पुस्तकांत मी वाचलं त्याच्या कितीतरी आधी ते दारावर 'कल्हईय्ये' अशी आरोळी देत येत होतं.

भांड्याला मोड येतो कारण ते एकाच धातूचं किंवा एकाच मिश्रधातूचं असतं. फोनमध्ये साठच्या वर मूलद्रव्यं असतात, बरीचशी चिमूटभरसुद्धा नाहीत. स्पीकर आणि थरथरणाऱ्या मोटरच्या चुंबकात निओडिमियम, पडद्यात इंडियम, कपॅसिटरमध्ये टँटलम, बॅटरीत लिथियम आणि बहुधा कोबाल्ट, ज्याचा जगातला निम्म्याहून बराच जास्त पुरवठा एकट्या काँगोतून होतो. हे सगळं एकमेकांना चिकटवलेलं, वितळवलेलं, थरावर थर दिलेलं. भट्टीत टाकलं की तांबं, सोनं, चांदी, पॅलेडियम निघतं. निओडिमियम, इंडियम, टँटलम बहुतेक वेळा राखेत आणि मळीत जातं. म्हणून 'रीसायकल करू की' हे उत्तर मला अर्धवट वाटतं. टोकियो ऑलिंपिकची पदकं जुन्या यंत्रांतून केली होती. सुमारे 79 हजार टन उपकरणं आणि त्यांत 62 लाखांवर मोबाइल गोळा झाले, त्यांतून 32 किलो सोनं निघालं. बातमी वाचून सगळे खूश झाले. पण त्या 62 लाख फोनांमधल्या किती फोनांना फक्त एक बॅटरी हवी होती, हे कुणी पाहिलं नसणार.

सराफ बाजारात झारेकरी असायचे. दुकानासमोरची धूळ झाडून, गटारातला गाळ धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे. कष्टाचं आणि कसबाचं काम, पण त्यात माल सांडलेला असायचा, मुद्दाम फेकलेला नाही. आज आमच्या कॉलनीत सायकलवर भोंगा लावून माणूस येतो, 'बंद मोबाइल, टच फुटलेले मोबाइल' मागत. बदल्यात प्लास्टिकचा टब किंवा चिमटे. हे फोन हातोहात पुढे सरकतात आणि या धंद्याचे मोठे अड्डे दिल्लीच्या सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादसारख्या ठिकाणी आहेत. मुरादाबाद म्हणजे पितळेचं शहर, आपल्या तांबट लेनेचा थोरला भाऊच म्हणा. तिथे रामगंगेच्या काठी सर्किट बोर्ड जाळून तांबं काढलं गेलं आणि राख नदीत गेली. मोड देणारं भांडं घडवणाऱ्या हातांवर, मोड न देणारी वस्तू जाळायची पाळी आली. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला चौथा हिस्सादेखील नोंदणीकृत मार्गानं प्रक्रियेला गेला नाही. घंटागाडीसाठी ज्या नाशिकचं नाव राज्यभर झालं, त्या आपल्या घरांतही मेलेले फोन घंटागाडीत जात नाहीत. ते कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यात असतात. माझ्याकडे चार आहेत.

आता बॅटरीकडे येतो, कारण खरा गुंता तिथेच आहे. 2003 साली आलेला नोकिया 1100 जगात 25 कोटींच्या आसपास विकला गेला. धूळ आत जाऊ नये म्हणून बटणांवर एकसंध रबरी आवरण, डोक्यावर टॉर्च, आणि नखानं झाकण सरकवलं की बॅटरी हातात. तिचं नाव बीएल-5सी. तो फोन कुणी पर्यावरणपूरक म्हणून घेतला नाही, पण मला तरी तो आजच्या निम्म्या 'हिरव्या' फोनांपेक्षा जास्त हिरवा वाटतो. बीएल-5सी तर फोन गेल्यावरही उरली. भजनं वाजवणाऱ्या चायनीज डब्या आणि एफएम रेडिओ अजून तिच्यावर चालतात.

ऑगस्ट 2007 मध्ये नोकियानं जाहीर केलं की एका जपानी कंपनीनं बनवलेल्या 4 कोटी 60 लाख बीएल-5सी बॅटऱ्यांपैकी काही चार्ज होताना जास्त तापू शकतात. गावोगाव घबराट उडाली, फोनचे स्फोट होणार अशा अफवा फिरल्या. आणि झालं काय? लोकांनी झाकण काढलं, बॅटरीवरचा नंबर पाहिला, ज्यांची सदोष निघाली त्यांना बदलून मिळाली. फोन होता तिथेच राहिला. नऊ वर्षांनी, 2016 मध्ये, सॅमसंगच्या नोट 7 ची बॅटरी पेट घेऊ लागली. ती आत बंद केलेली. मग आधी 25 लाख अख्खे फोन परत बोलवावे लागले, बदलून दिलेलेही पेटले, आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादनच थांबवावं लागलं. चूक दोन्हीकडे बॅटरीचीच. एकीकडे बॅटरी बदलली, दुसरीकडे पडदे, कॅमेरे, चिपा असलेले धडधाकट फोन गोळा करत फिरावं लागलं. बंद बॅटरी सुरक्षिततेसाठी असते असं जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा मी ही गोष्ट सांगतो.

सुरक्षिततेचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. आमच्या कारखान्यात एमसीबी, म्हणजे वीज प्रमाणाबाहेर वाहिली की आपोआप पडणारे स्विच, रिव्हेट मारून कायमचे बंद करत असू आणि ते बरोबरच होतं. घरच्या मुख्य बोर्डावरचा एमसीबी कुणी उघडून, आतली पट्टी वाकवून परत लावला तर घर जळेल. बंद करण्याला तिथे कारण आहे. फोनची बॅटरी मात्र झिजणारा भाग आहे, पातेल्याच्या कल्हईसारखा. पाचशे-आठशे वेळा चार्ज झाली की तिची ताकद उतरणार हे ती बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. ठाऊक असून ती गमात गाडायची, याला मी डिझाइन म्हणत नाही.

दुसरा आक्षेप पाण्याचा. झाकण निघालं की पाणी शिरणार. ऐकायला पटतं. पण 2014 चा गॅलेक्सी एस-5 एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा होता आणि त्याचं मागचं झाकण नखानं निघायचं. झाकणाला आतून रबरी वळी होती, बस. आमच्याकडे बाहेरच्या पॅनलला अशी वळी लावायला नवशिका कामगारही एका दिवसात शिकतो. फोन किंचित जाड होतो हे खरं. पण दुकानातून बाहेर पडताच त्या सडपातळ फोनवर आपण दीडशे रुपयांचं जाडजूड कव्हर चढवतो, तेव्हा जाडीची तक्रार कुठं जाते कोण जाणे.

काहीजण म्हणतील, असा फोन आहे की. आहे. अॅमस्टरडॅमची फेअरफोन ही कंपनी 2013 पासून तेच करते. तिचा 2023 चा फेअरफोन 5 साध्या स्क्रूड्रायव्हरनं उघडतो, पडदा, बॅटरी, कॅमेरा, चार्जिंगची जागा सगळं घरी बदलता येतं, आणि आठ वर्षं सॉफ्टवेअरचं आश्वासन. किंमत होती 699 युरो. दिंडोरीतला द्राक्ष बागायतदार फवारणीच्या ट्रॅक्टरवर तो घेऊन बसणार नाही, आणि त्यानं बसावं अशी अपेक्षाही चुकीची. त्याहून भव्य स्वप्न गूगलनं पाहिलं होतं, लाकडी ठोकळ्यांसारखे भाग लावायचा-काढायचा 'प्रोजेक्ट आरा'. 2016 मध्ये तो गुंडाळला. बरं झालं असं मी म्हणेन. सगळंच सुटं करायला गेलं की जोडण्या वाढतात, वजन वाढतं, बिघाडाच्या जागा वाढतात. सहा-सात झिजणारे-फुटणारे भाग सुटे करा, बाकीचं खुशाल एकसंध ठेवा. बॅटरी, पडदा, चार्जिंगचा जॅक, मागचं झाकण, स्पीकर, बटणं. प्रधान पार्कमध्ये दिवसभर उभे राहिलात तर याच वस्तू पुन्हा पुन्हा येताना दिसतील. 'हिरवा फोन' ही श्रीमंतांसाठीची वेगळी जात करण्यात अर्थ नाही. दहा हजारांच्या फोनची किमान पायरी वर आली पाहिजे, कारण आपल्याकडे ढीग त्याच फोनांचा होतो.

ही पायरी बाजार वर उचलत नाही, कायदा उचलतो. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नियम लागू झाले आहेत. आठशे वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीत ऐंशी टक्के ताकद उरली पाहिजे, मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, पाच वर्षं सॉफ्टवेअर मिळालं पाहिजे. जास्त टिकणारी बॅटरी आणि पाण्यापासून संरक्षण दिलं तर बॅटरी घरी बदलता येण्याच्या अटीतून सूट आहे. ती मला पळवाट वाटते, पण ते असो. फ्रान्सनं 2021 पासून दुरुस्तीचे दहापैकी गुण वस्तूवर छापायला लावले. त्यात सुट्या भागाची किंमतही धरतात, हे मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटलं. भाग मिळतो पण फोनच्या साठ टक्के किमतीला, तर तो न मिळाल्यासारखाच.

आपल्याकडे काही नाही असं नाही. 2022 चे ई-कचरा नियम आहेत, त्यांत उत्पादकानं किती टक्के माल प्रक्रियेला द्यायचा याची वाढती उद्दिष्टं आहेत. पण ते सगळं मेल्यानंतरचं, अंत्यविधीचं शास्त्र. ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीनं मे 2025 मध्ये दुरुस्तीच्या गुणांकनाचा अहवाल दिला, मोबाइल आणि टॅब्लेटसाठी. एखाद्या भागापर्यंत पोचायला किती गोष्टी उकलाव्या लागतात, हाही त्यातला एक निकष आहे. वाचून मला माझे तक्ते आठवले. त्या गुणांना दात मात्र हवेत. मोबाइल उत्पादनासाठी केंद्रानं 2020 मध्ये सुमारे 41 हजार कोटींची प्रोत्साहन योजना आणली. गुंतवणूक किती आणि वाढीव विक्री किती, त्यावर पैसे. कारखाने आले, रोजगार आला, आज भारत मोबाइल बनवण्यात जगात दुसरा आहे. मला त्याचा अभिमान आहे. पण जास्त फोन विकल्याबद्दल करदात्याचे पैसे देताना, तो फोन उघडता आला पाहिजे एवढी अट घालायला काय हरकत? पुढची कुठलीही सवलत दुरुस्तीच्या गुणांना बांधा. कंपन्या एका वर्षात गम सोडून स्क्रूवर येतील. त्यांना तंत्र येत नाही असं नाही. 2024 च्या आयफोन 16 मध्ये बॅटरीखालचा चिकट थर नऊ व्होल्टच्या साध्या बॅटरीनं वीज दिली की सुटतो. डोकं आहे, निकड नव्हती.

आणि मोजमाप इथलं हवं. बॅटरीची चाचणी होते ती प्रयोगशाळेतल्या सुखद तापमानात. आपला फोन एप्रिलमध्ये शर्टाच्या खिशात, मोटरसायकलच्या हँडलवर, ट्रॅक्टरच्या पत्र्यावर असतो. युरोपातल्या आठशे वेळा म्हणजे निफाडच्या किती, हे इथल्या उन्हात तपासल्याशिवाय कळणार नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच. काही महागड्या फोनांना आता सात वर्षं मिळू लागली, बऱ्याच स्वस्तांना दोन-तीन. मग एक दिवस पैसे पाठवायचं अॅप सांगतं की तुमचा अँड्रॉइड जुना झाला. फोन धडधाकट आणि बाजारात मेलेला.

प्रधान पार्कच्या त्या मुलाला मी विचारलं, कंपन्या तुम्हाला काही विचारतात का? तो हसला. उलट काही फोनांत अस्सल पडदा बसवला तरी 'अनोळखी भाग' अशी सूचना येते, कारण भागाचा क्रमांक त्याच फोनला बांधलेला असतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं 2024 मध्ये कायदा करून ही बांधाबांध रोखली. आपल्याकडे मानकं ठरवणाऱ्या टेबलावर कंपन्यांचे अभियंते असतात, सरकारी अधिकारी असतात. माझी सूचना अशी की दोन-चार खुर्च्या अशा काउंटरवाल्यांनाही द्याव्यात. मॉडेल बाजारात येण्याआधी तिघा दुकानदारांच्या हाती द्यायचं, त्यांच्या नेहमीच्या हत्यारांनिशी, आणि बॅटरी बदलायला किती सेकंद लागले ते खोक्यावर छापायचं. मेगापिक्सेलच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

आईचा फोन चालू आहे. मागचं झाकण पूर्वीइतकं घट्ट बसलेलं नाही, कडेला नख जाईल एवढी फट आहे. मी ती दाखवली, तर तो मुलगा म्हणाला, "मुद्दाम गम कमी लावलाय, काका. आजींना सांगा पाण्यापासून जपा. पुढच्या वेळी दहा मिनिटांत होईल."